टेट्रिस सुटत का नाही?

ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळे सोडलं की आजूबाजूच्या मोबाइलवर एक नजर टाकावी. रील्स असतात, क्रिकेटचा स्कोअर असतो, कुणाची सीरियल चाललेली असते. आणि एखाद्या स्क्रीनवर ठोकळे पडत असतात. वरून एक येतो, फिरतो, सरकतो, खाली बसतो, की लगेच पुढचा हजर. तुर्भे येतं, सानपाडा येतं, मान वर होत नाही.

हा खेळ चाळीस वर्षं जुना आहे. त्यात गोष्ट नाही, हिरो नाही, बंदूक नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने टेट्रिस 'हरवला' अशी बातमी जगभर झळकली, तेव्हा कित्येकांना प्रश्न पडला की ठोकळे तर पडतच राहतात, मग यात हरवायचं कुणाला?

मराठीत गणित सुटतं आणि सवयही सुटते. टेट्रिस दोन्ही अर्थांनी सुटत नाही. दुसऱ्याचं कारण बरंचसं पहिल्यातच आहे, म्हणून आधी गणिताकडून जाऊ.

## दोनशे घरं, सात ठोकळे

चौकट १० घरं रुंद आणि २० घरं उंच, म्हणजे एकूण २०० घरं. वरून येणारा प्रत्येक ठोकळा चार चौरसांचा. चार चौरस कडेला कडा लावून जोडायचे तर सातच आकार होतात. त्यांना टेट्रोमिनो म्हणतात, पण इथून पुढे आपण ठोकळेच म्हणू. सरळ उभी काठी, दोन बाय दोनचा चौकोन, मधे टेंगूळ आलेला टी, एकमेकांची आरशातली रूपं असलेले एल आणि जे, आणि तशीच दुसरी जोडी, एस आणि झेड. खेळणाऱ्याच्या हातात फक्त डावीकडे-उजवीकडे सरकवणं, फिरवणं आणि लवकर खाली सोडणं एवढंच. आडवी ओळ पूर्ण भरली की ती पुसली जाते. ठोकळ्यांचा ढीग वर टेकला की खेळ संपला.

आता जमाखर्च पाहा. प्रत्येक ठोकळा चार घरं आणतो आणि पुसली जाणारी प्रत्येक ओळ दहा घरं नेते. म्हणजे दर अडीच ठोकळ्यांमागे एक ओळ गेली तर बरोबरी. एकही ओळ गेली नाही तर पन्नास ठोकळ्यांत सगळी चौकट भरते, प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी खेळ संपतो. सोसायटीच्या टाकीसारखंच हे. वरून पाणी चालू, खालून वापर चालू, आणि वापर जरा कमी पडला की टाकी वाहायला लागते. फरक इतकाच की इथे वरचा नळ बंद करता येत नाही, उलट तो हळूहळू मोठा होत जातो.

## मॉस्कोतून गोखले रोडपर्यंत

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी हा खेळ इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर रचला. त्या मशीनला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळ्याचा प्रत्येक चौरस म्हणजे एक उघडणारा आणि एक बंद होणारा चौकटी कंस. त्यांना मुळात पाच चौरसांच्या आकारांचं लाकडी कोडं आवडायचं. पण ते आकार बारा होतात, आणि पडत्या खेळात बारा आकार डोक्यात धरणं जड जातं. म्हणून त्यांनी एक चौरस कमी केला. ग्रीक 'टेट्रा' म्हणजे चार, त्यात त्यांच्या आवडीचं टेनिस मिसळलं आणि नाव झालं टेट्रिस. वादिम गेरासिमोव्ह या शाळकरी मुलाने तो आयबीएम पीसीवर आणला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो पसरत गेला. १९८९ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीचा गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, आला आणि त्यावरच्या टेट्रिसच्या पुढे साडेतीन कोटींच्या आसपास प्रती गेल्या. पाजित्नोव्ह यांना रॉयल्टी मिळायला मात्र १९९६ उजाडलं.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत आला. आला तो 'ब्रिक गेम'. नव्वदच्या दशकात खेळण्यांच्या दुकानात आणि जत्रेतल्या स्टॉलवर मिळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा, उजवीकडे एक मोठं गोल बटण असलेला प्लास्टिकचा डबा. त्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि गोखले रोडवर बापाचा हात धरून चाललेल्या मुलाला ते खरं वाटायचं. प्रत्यक्षात मूठभर खेळ, आणि प्रत्येकाचे वेग आणि लेव्हल वेगवेगळे धरून फुगवलेला आकडा. त्याच्या पडद्यावर हवं ते चित्र उमटूच शकत नव्हतं. काचेत आधीच कोरलेले १० बाय २० चौरस होते, फक्त ते काळे करायचे किंवा पुसायचे. गाड्यांची शर्यत असो की रणगाडा, सगळं त्याच दोनशे घरांत बसवलेलं. म्हणजे पडदा टेट्रिसच्या मापाने शिवलेला आणि बाकीचे खेळ त्यात कसेबसे कोंबलेले.

## चौकटीची वही आणि कात्री

आता गणिताची चौकटीची वही घ्या आणि सातही ठोकळे एकेकदा कापा. दोन बाय दोन चौकटींचा एक चौरस धरला तर ते हातात नीट येतात. सात ठोकळे, प्रत्येकी चार घरं, एकूण २८. दुसऱ्या पानावर सात रुंद, चार उंच असा आयत आखा. त्यातही २८ घरं. आता हे सातही ठोकळे त्यात बसवा. फिरवायची मुभा आहे, उलटायची नाही. (घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना तासभर गप्प बसवायला याहून स्वस्त उपाय नाही. फक्त पुढचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवू नका.)

बसणार नाहीत. सहा बसतात आणि सातव्यासाठी उरलेली चार घरं नेमकी चुकीच्या आकाराची असतात. पुन्हा लावा, पुन्हा तेच. कारण शोधायला आयताची घरं बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक काळी-पांढरी रंगवा. १४ काळी, १४ पांढरी. आता कुठलाही ठोकळा त्यावर ठेवून बघा. काठी दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकते. चौकोनही तसाच, एल, जे, एस, झेडही तसेच. फक्त टी वेगळा. तो कसाही ठेवा, एका रंगाची तीन आणि दुसऱ्या रंगाचं एक घर झाकतो. म्हणजे साती ठोकळे मिळून १५ आणि १३ घरं झाकणार, आणि आयताला हवीत १४ आणि १४. गोष्ट तिथेच संपली. चौदा बाय दोनचा आयत घेतला तरी हीच गत.

खेळाचं मर्म मला या रिकाम्या राहिलेल्या घरांत दिसतं. सगळे ठोकळे एकदा आले की पृष्ठभाग सपाट होऊन खेळ पुन्हा शून्यावर यायला हवा, असं मनाला वाटत राहतं. पण टी ते होऊ देत नाही. दुसरा टी आला की रंगांचा हिशेब जुळू शकतो, पण तोवर मधे काहीतरी वर आलेलं असतं. शिवाय प्रत्यक्ष खेळात मधल्या ओळी पुसल्या जातात, वरचा ढीग एका घराने खाली येतो आणि काळ्या-पांढऱ्याची मांडणीच उलटते. दुसराही एक हिशेब जुळत नाही. सात ठोकळ्यांची घरं २८ आणि ओळ दहाची, म्हणजे २.८ ओळी. सातांचे पाच पूर्ण संच, म्हणजे ३५ ठोकळे झाले, तेव्हा कुठे १४ ओळींवर दोन्ही आकडे एकत्र येतात. एरवी काही ना काही उरलेलंच असतं. आणि ते नेमकं इतकंच की सावरता येईल असं वाटावं.

## एस आणि झेड यांचं दुखणं काय

टेम्पोत सामान भरणारा हमाल काय करतो? घोडबंदरला घर बदलायचं असेल तर आधी फ्रीज आणि कपाट, मग पलंगाच्या फळ्या, शेवटी फटींमध्ये गाद्या आणि बादल्या. क्रम त्याच्या हातात असतो. टेट्रिसमध्ये तो नसतो. आधी बादली आली तर आधी बादली. त्यामुळे इथलं कौशल्य म्हणजे हातातला ठोकळा कुठे बसेल हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं, तो बसल्यावर वरचा पृष्ठभाग कसा राहील हे पाहणं.

प्रत्येक ठोकळ्याला बसायला विशिष्ट पायऱ्या लागतात. चौकोनाला शेजारशेजारचे दोन समान उंचीचे रकाने पुरतात. काठीला उभी ठेवायची तर एक रकाना बास. आडव्या एसला सलग तीन रकाने लागतात, डावीकडचे दोन समान आणि तिसरा एका घराने उंच. उभ्या एसला दोन रकाने, त्यातला डावा एका घराने उंच. झेडला हेच आरशातलं. म्हणजे अगदी सपाट, स्वच्छ जमिनीवर एस किंवा झेड आला की तो कसाही ठेवा, त्याच्याखाली एक घर झाकलं जाणार. वरून झाकल्या गेलेल्या अशा रिकाम्या घराला आपण भोक म्हणू. भोक पडलं की ती ओळ भरता येत नाही. आधी वरची ओळ पुसून छप्पर काढावं लागतं.

म्हणून नवा खेळणारा पृष्ठभाग काचेसारखा सपाट ठेवायला जातो आणि फसतो. जाणकार मुद्दाम एखाद-दुसरी एका घराची पायरी ठेवतात, एक डावीकडे चढणारी, एक उजवीकडे. एका घराची पायरी कामाची, दोन घरांची अडचणीची. आणि एका रकान्याएवढा अरुंद खड्डा तीन घरं खोल गेला की तो भरायला काठीच लागते. दोन घरांचा खड्डा एल किंवा जे आकड्यासारखा अडकवून भरता येतो. असे तीन घरांचे दोन खड्डे झाले की तुम्ही दोन काठ्यांची वाट बघत बसता, आणि काठी काही मागितल्यावर येत नाही.

## काठीची वाट

तरीही चांगले खेळाडू एक रकाना, सहसा अगदी कडेचा, जाणूनबुजून रिकामा ठेवतात. कारण गुणांच्या हिशेबात आहे. निन्टेंडोच्या जुन्या टीव्ही गेममध्ये (नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जोडून 'कॅसेट' घालून जे खेळायचो ते बहुतेक त्याच यंत्राच्या नकला) सुरुवातीच्या लेव्हलला एका वेळी एक ओळ पुसली तर ४० गुण, दोन पुसल्या तर १००, तीन पुसल्या तर ३००, आणि एका झटक्यात चार पुसल्या तर १२००. चार ओळी एकेक करून पुसल्या तर १६०, एकदम पुसल्या तर त्याच्या साडेसातपट. आणि एकदम चार फक्त काठीनेच जातात. या चार ओळींच्या झटक्यालाच खेळाडू 'टेट्रिस' म्हणतात.

म्हणजे नऊ रकाने वर चढवायचे, दहावा मोकळा, आणि काठीची वाट. ढीग जितका उंच तितकी कमाई मोठी आणि तितकाच धोका. काठी आली नाही तर? प्रत्येक ठोकळा सातांतून चिठ्ठी काढल्यासारखा येत असेल तर ओळीने दहा ठोकळ्यांत काठी न येण्याची शक्यता सुमारे २१ टक्के आणि वीस ठोकळ्यांत न येण्याची साडेचार टक्क्यांच्या वर. ऐकायला कमी वाटतं. पण शेकडो ठोकळ्यांच्या डावात असा दुष्काळ एकदा तरी पडतोच, आणि नेमका ढीग गळ्याशी आलेला असताना पडला की खेळ आपल्यावर डूख धरून आहे असं वाटतं. तसं काही नसतं. आठवणीत राहतो तो नेमका तोच दुष्काळ, एवढंच.

हा त्रास कमी करायला आजच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत पिशवीची पद्धत असते. हाऊजीची सोंगटी काढतात तसंच. सातही ठोकळे पिशवीत घालायचे, एकेक काढायचा, सातही संपले की पुन्हा सात भरायचे. त्यामुळे दोन काठ्यांमध्ये जास्तीत जास्त बारा इतर ठोकळे येऊ शकतात, त्याहून एकही जास्त नाही.

## अगदी नीट खेळलं तर कायम खेळता येईल?

पिशवी असेल आणि वेग वाढत नसेल तर तत्त्वतः हो. पण चिठ्ठ्यांची पद्धत असेल तर नाही. देवाने खेळलं तरी नाही.

कॅनडात जॉन ब्रझुस्टोव्स्की यांनी १९९२ मध्ये आणि नंतर अमेरिकेत हाइडी बर्गील यांनी १९९७ मध्ये याचा छडा लावला. समजा फक्त एस, झेड, एस, झेड असेच ठोकळे येत राहिले. हे बसवायची शहाणी रीत म्हणजे उभे लावणं, दोन रकाने रुंद पट्ट्यांत. दहा रकान्यांत अशा पट्ट्या पाच. एसवर एस नीट बसतो, झेडवर झेड, पण एसवर झेड टाकला की भोक. म्हणून पट्ट्या वाटून घ्याव्या लागतात. पण पाचाची समान वाटणी होत नाही. समजा तीन एसला, दोन झेडला. बारा ठोकळे आले, सहा आणि सहा. एसच्या प्रत्येक पट्टीत दोन ठोकळे गेले, पट्टी चार घरं चढली. झेडच्या प्रत्येक पट्टीत तीन, ती सहा घरं चढली. ओळी पुसून झाल्यावरही झेडच्या पट्ट्या दोन घरं वर राहिल्या. पुढच्या बारा ठोकळ्यांत आणखी दोन. कधीतरी झेड एसच्या पट्टीत टाकावाच लागतो, भोक पडतं आणि भोकं साठत जातात. बर्गील यांनी दाखवलं की असे ७०,००० ठोकळे येण्याच्या आतच खेळ संपतो.

कुणी म्हणेल, असे ७०,००० ठोकळे ओळीने येतील कशाला? सात ठोकळ्यांच्या चिठ्ठ्यांतून नेमका असा क्रम येण्याची शक्यता एकाला सुमारे ५९ हजार आकडी संख्येने भागल्याइतकी. तुमच्या-माझ्या डावात ती येणार नाही. पण 'कायम' खेळायचं म्हटल्यावर कितीही दुर्मीळ गोष्ट कधीतरी घडतेच. म्हणून अनंतकाळ खेळणाऱ्याचं मरण ठरलेलं आहे, फक्त तारीख ठरलेली नाही.

मग पुढचे सगळे ठोकळे आधीच कागदावर लिहून दिले तर? तरीही सोपं होत नाही. २००२ मध्ये एरिक डेमेन, सुसान होहेनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी सिद्ध केलं की आधीच काही घरं भरलेल्या मोठ्या चौकटीत, दिलेल्या यादीतून जास्तीत जास्त ओळी पुसण्याचा प्रश्न 'एनपी-कम्प्लीट' आहे. या शब्दाचा अर्थ एकदाच सांगतो. उत्तर कुणी दाखवलं तर ते चटकन तपासता येतं, पण उत्तर शोधायची खात्रीची झटपट रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही, आणि अशा शेकडो प्रश्नांपैकी एकाची सापडली तर सगळ्यांचीच सापडेल. टेम्पो भरून झाल्यावर 'बसलं बुवा सगळं' हे रस्त्यावरचा कुणीही सांगतो. भरण्याआधी 'बसेल' हे हमालही छातीठोकपणे सांगत नाही.

## मग त्या मुलाने हरवलं म्हणजे काय केलं

त्याच जुन्या निन्टेंडो आवृत्तीत लेव्हल चढत जाते तसा टप्प्याटप्प्याने वेग वाढतो. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, म्हणजे पडदा ६० वेळा नव्याने रंगतो. पहिल्या लेव्हलला ठोकळा एक घर खाली यायला ४८ फ्रेम घेतो. लेव्हल १९ ला दोन. लेव्हल २९ ला एक. म्हणजे वीस घरांचा प्रवास एक तृतीयांश सेकंदात. आता बटण दाबून धरलं तर ठोकळा आधी १६ फ्रेम थांबतो, मग दर ६ फ्रेमला एक घर बाजूला सरकतो. आधीच्या ठोकळ्यापासून बटण दाबूनच ठेवलं आणि सुरुवातीचं थांबणं वाचवलं तरी २० फ्रेममध्ये तीनेक घरं. मधून येणाऱ्या ठोकळ्याला कडेपर्यंत जायला त्याहून जास्त घरं लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं लेव्हल २९ म्हणजे भिंत समजली जात होती.

ती भिंत बोटांनी फोडली. आधी काहींनी बटण दाबून न धरता सेकंदाला दहाबारा वेळा थरथरत मारायला सुरुवात केली. मग २०२० च्या सुमारास 'रोलिंग' आलं. एक अंगठा बटणावर हलकेच ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकापाठोपाठ एक वाजवायची, तबल्यावर तिरकिट वाजवावं तशी. प्रत्येक ठोक्यासरशी कंट्रोलरच अंगठ्यावर आपटतो. सेकंदाला वीसच्या आसपास दाब पडतात आणि लेव्हल २९ खेळता येते. त्यापुढे खेळ आणखी वेगवान होत नाही, फक्त विचित्र होत जातो. खूप वर गेल्यावर प्रोग्राम रंगांच्या यादीच्या पलीकडचं काहीतरी रंग म्हणून वाचायला लागतो. काही लेव्हलला ठोकळे काळ्या पडद्यावर जवळजवळ काळेच दिसतात.

२१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातला विलिस गिब्सन, खेळातलं नाव ब्लू स्कूटी, लेव्हल १५७ ला पोचला. एक ओळ पुसली आणि पडदा गोठला. इतक्या वरच्या लेव्हलला गुण मोजायचं काम लांबतं आणि कधीकधी पुढची फ्रेम येईपर्यंत पुरं होत नाही. तसं झालं की प्रोग्राम कोलमडतो. म्हणजे त्याने सोडवलं काहीच नाही. माणूस थकायच्या आधी मशीन थकलं.

## एवढं कळूनही हात का थांबत नाही

पहिलं कारण, संपल्याची घटकाच येत नाही. हातातला ठोकळा बसवायच्या आत पुढचा कोपऱ्यात दिसत असतो. कामं अर्धवट राहिली की ती डोक्यात जास्त घोळतात, असं रशियन मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२० च्या दशकात मांडलं होतं. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितकाच ठसठशीत दिसलेला नाही, पण 'ही एक ओळ भरतो आणि ठेवतो' म्हणणाऱ्याला वेगळा पुरावा नको. आणि ओळ भरता भरता दुसरी अर्धवट होतेच, हे वरच्या हिशेबात आलंच आहे.

दुसरं, हात विचार करायला लागतात. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी १९९४ च्या संशोधनात दाखवलं की सराईत खेळाडू ठोकळा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात. चुकून नव्हे, बघण्यासाठी. मनात आकार फिरवायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळात बोटाने फिरवून होतो. छल्ल्यातली किल्ली आपण डोक्यात फिरवत नाही, कुलपाशी नेऊन उलटीसुलटी करतो, तसंच. बोट, डोळा आणि डोकं असं एका लयीत लागलं की लोकल कुठे थांबली ते कळत नाही.

तिसरं, खेळ बंद केल्यावरही ठोकळे पडत राहतात. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये २७ जणांना टेट्रिस खेळायला लावलं. झोप लागताना बऱ्याच जणांना पडणारे ठोकळे दिसले. त्यातल्या पाच जणांना मेंदूच्या इजेमुळे नवीन काही आठवतच नसे. त्यांच्यातल्या काहींना आपण खेळलो हेही आठवत नव्हतं, तरी ठोकळे दिसत होते. तेव्हा तुम्हाला रात्री ठोकळे दिसत असतील तर घाबरायचं कारण नाही. झोपण्याआधीचा तास खेळू नका, एवढं पुरे.

## 'डोकं तल्लख होतं म्हणे'

होतं, पण ठोकळ्यांपुरतं. सिम्स आणि मेयर यांनी २००२ मध्ये तपासलं, तर टेट्रिस खेळणारे टेट्रिसचे आणि त्यांच्यासारखे आकार मनात लवकर फिरवत होते, इतर आकारांत फरक पडत नव्हता. मुलाला भूमिती यावी म्हणून गेम देणाऱ्या आईबाबांनी हे ध्यानात ठेवावं. वरचा वहीचा प्रयोग त्याहून जास्त शिकवतो. रिचर्ड हायर यांनी १९९२ मध्ये मोजलं होतं की काही आठवड्यांच्या सरावाने गुण खूप वाढतात, पण मेंदूचा ऊर्जेचा वापर उलट कमी होतो. पोळ्या लाटणाऱ्या सराईत हातासारखं, काम जास्त आणि कष्ट कमी.

एका जागी मात्र डॉक्टरांना रस आहे. भयंकर अपघातानंतर तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमधल्या रुग्णालयात अपघातातून आलेल्या ७१ जणांवर काम केलं, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. अपघातानंतर सहा तासांच्या आत प्रसंगाची थोडक्यात आठवण करून देऊन टेट्रिस खेळायला दिलेल्यांना पुढच्या आठवड्यात अशी दृश्यं कमी दिसली. दृश्य साठवणारी मेंदूची जागा ठोकळ्यांनी अडवली, असा त्यामागचा विचार. पण हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेलं आहे. घरच्या घरी मोबाइल हातात देऊन समुपदेशकाला सुट्टी देऊ नये.

## मोबाइलवर घ्यायचं तर

ॲपच्या दुकानात टेट्रिसच्या नावाखाली काहीही मिळतं. बऱ्याच खेळांत ठोकळे पडतच नाहीत, तीन दिले जातात आणि सावकाश ठेवायचे असतात. ते वेगळं कोडं आहे, वाईट नाही, पण घाई नसल्यामुळे हाताचा विचार तिथे जवळजवळ नाहीच, आणि दर डावानंतर जाहिरात येते ती वेगळीच. खरा पडता खेळ हवा असेल तर रकाने मोजा, दहा हवेत. पुढचा ठोकळा कोपऱ्यात दिसायला हवा. मग पिशवी आहे की चिठ्ठ्या ते तपासा. काठी आली की मोजायला लागा. काठीशिवाय तेरावा ठोकळा पडला तर तिथे पिशवी नाही, आणि कडेचा रकाना रिकामा ठेवून ढीग गळ्यापर्यंत नेण्यात अर्थ नाही. तिथे पाच-सहा ओळी झाल्या की मिळेल त्या ठोकळ्याने पुसून खाली या.